एकही उड्डाण न चुकवलेला माणूस

गावात त्यांना सगळे फुगेवाले म्हणत, आणि गावात नव्याने आलेला माणूस हमखास फसत असे. एकदा बदलून आलेला पोस्टमास्तर मुलाच्या वाढदिवसासाठी दोन डझन फुगे मागायला थेट त्यांच्या दारात उभा राहिला. फुगेवाल्यांनी त्याला घरात बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "आमचा फुगा तुमच्या खोलीत मावायचा नाही, आणि एकदा सोडला की परत यायचा नाही. चालत असेल तर सांगा." पोस्टमास्तर ओशाळून हसला. हा किस्सा फुगेवाल्यांनी पुढे इतक्यांदा सांगितला की तो सुरू झाला की त्यांची बायको भांडी घासायला उठायची. सांगण्यासारखा दुसरा किस्सा त्यांच्याकडे नव्हता. नोकरी तशीच होती.

ते वेधशाळेत होते. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा हायड्रोजनचा मोठा पांढरा फुगा आकाशात सोडायचा, हे त्यांचं काम. फुग्याला दोरी, दोरीला कागदी छत्री, आणि छत्रीखाली एक हलकी डबी. डबीतलं यंत्र वर जाता जाता तापमान, दमटपणा आणि हवेचा दाब खाली कळवत राहायचं. वारा डबीला कुठल्या बाजूला आणि किती ढकलतो हे खालून बघितलं की वरच्या वाऱ्यांचा वेग कळायचा. फुगा फुगत फुगत इतका वर जायचा की शेवटी फुटायचा, आणि डबी छत्रीला लटकत कुठेतरी कुणाच्या तरी शेतात पडायची.

फुगा भरायची पत्र्याची उंच शेड होती. तिथे विडी-काडी तर सोडाच, नायलॉनचा शर्टसुद्धा चालत नसे. एक ठिणगी उडाली तर शेडसकट सगळे वर. फुगेवाले सुती सदरा घालून, टेबलावर चादर अंथरून, फुग्याच्या तोंडाला वजन बांधून गॅस हळूहळू सोडायचे. वजन उचललं गेलं की फुगा पुरेसा भरला. मग दोरीची गाठ. आपल्या पाळीत ही गाठ ते दुसऱ्या कुणाला मारू देत नसत. त्यांचा जोडीदार, जो आलटून पालटून पाळी करायचा, तो चिडून म्हणायचा, "मला काय चपलेचा पट्टा बांधता येत नाही?" फुगेवाले म्हणायचे, "चपलेचा येतो."

आणि या कामात एक गोष्ट अशी होती की तिच्यावर त्यांचा सगळा जीव होता. साऱ्या जगातले फुगे एकाच क्षणी सुटतात. इथे सकाळ असो, तिथे रात्र असो, बर्फात, वाळवंटात, समुद्रातल्या एखाद्या बेटावर, फुगेवाल्यांसारखाच कुणीतरी माणूस त्याच वेळी शेडबाहेर येतो आणि हात सोडतो. सगळ्यांची मापं एकत्र झाली की पृथ्वीभोवतीच्या हवेचं एका क्षणाचं चित्र तयार होतं. त्यातला एक ठिपका आपला. फुगेवाल्यांना हे इतकं मोठं वाटे की त्यापुढे घरची कामं त्यांना चिल्लर वाटत. माणसाला चिल्लर कधी लागते हे त्यांना फार उशिरा कळलं.

सुरुवातीला ते बायकोला हे सगळं समजावून सांगायचे. ओट्यावर बोट टेकवून म्हणायचे, "पृथ्वी म्हणजे एक पातेलं समज. मधल्या पट्ट्यात आच जास्त, दोन्ही टोकांना गार. मधली हवा तापून वर जाते आणि टोकांकडे निघते. पण पातेलं स्वतःभोवती फिरतंय, म्हणून तिला सरळ जाता येत नाही. ती वळते. वर विमानं उडतात ना, त्या उंचीवर त्या वळलेल्या वाऱ्याची नदी होते. ती नदी जिकडे वाकेल तिकडे खालचा पाऊस, थंडी, वादळ सगळं जातं. ती कुठे आहे, हे आमचा फुगा सांगतो."

"त्या नदीचं राहू द्या," बायको म्हणायची. "नळाला पाणी कधी येणार ते सांगा."

ती विनोदी होती. चिडायचीही विनोदानेच. सख्ख्या भावाच्या लग्नाला ती एकटी गेली, तेव्हा लोकांनी विचारलं, नवरा कुठे? ती म्हणाली, "आभाळाला वेसण घालायला गेलाय." सहलीचे बेत ठरायचे आणि मोडायचे. जोडीदार आजारी, नाहीतर रजेवर, नाहीतर आभाळात काहीतरी चाललेलं. मुलीच्या शाळेच्या कुठल्याही कार्यक्रमाला फुगेवाले कधी दिसले नाहीत. मुलगी मात्र त्यांच्या उड्डाणाला यायची. लहान असताना ती शेडबाहेर मान वर करून उभी राहायची आणि फुगा टाचणीच्या डोक्याएवढा होईपर्यंत हलायची नाही. फुगेवाल्यांना वाटे, हिला तरी कळतंय.

वेधशाळा आधी गावामागच्या डोंगरावर होती. रस्ता दरवर्षी खचायचा, गॅसच्या टाक्या वर न्यायला माणसं मिळेनाशी झाली, तेव्हा सगळं बिऱ्हाड उचलून खाली सपाटीवर आणलं. तेव्हाच ती गोष्ट घडली. घडली तेव्हा ती गोष्टसुद्धा वाटली नव्हती.

केंद्र हललं की केंद्राची नवी उंची कळवावी लागते. कारण फुग्यातलं यंत्र उंची मोजत नाही, दाब मोजतं. उंची नंतर हिशेबाने काढायची, आणि हिशेब जमिनीपासून सुरू होतो. आपण जिन्याच्या कितव्या पायरीवर उभे आहोत हेच चुकीचं सांगितलं, तर पुढच्या पायऱ्या कितीही नीट मोजा, उत्तर चुकणारच. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मोठ्या साहेबांना तर होतंच.

पण मोठ्या साहेबांना आणखी एक गोष्ट माहीत होती. उंची बदलली तर मुख्य कार्यालय हे नवं केंद्र धरणार, आणि नव्या केंद्राची नोंद पहिल्यापासून सुरू होणार. त्या भागात इतकी वर्षं एकही उड्डाण न चुकवलेलं दुसरं केंद्र नव्हतं. साहेबांची निवृत्ती तोंडावर आली होती, आणि अखंड नोंदीबद्दल वेधशाळेचा सत्कार व्हायचा होता.

चहाच्या वेळी साहेबांनी सगळ्यांसमोर विषय काढला. "कागदावर केंद्र डोंगरावरच राहिलं तर कुणाचं काय जातंय? डोंगर काय, सपाटी काय, आभाळ तेच. काय फुगेवाले? तुमची उड्डाणं आहेत. तोडायची मालिका?"

"नको साहेब," फुगेवाले म्हणाले. "मालिका नको तोडायला."

जोडीदार काहीतरी बोलणार होता. फुगेवाल्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने बिस्कीट चहात बुडवलं. पुढे सत्कार झाला. भिंतीवर पितळी पाटी लागली. पाटीवर साहेबांचं नाव होतं. फुगेवाल्यांना त्याचं काही वाटलं नाही, निदान ते तसं म्हणत. रोज ती पाटी पुसायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं, यावरून काय ते समजावं.

मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती तेव्हा बायकोला हृदयाचं दुखणं निघालं. ती दुखणं अंगावर काढणारी. चालताना धाप लागते याचंही तिने विनोदात भागवलं, "मलाही गॅस भरलाय वाटतं." शेवटी तिला शहरात भावाकडे नेलं, मोठ्या इस्पितळात ठेवलं. मुलगी सोबत राहिली. फुगेवाले आठवड्याला जाऊन यायचे, म्हणजे जोडीदार हजर असेल त्या आठवड्याला.

एका दुपारी मेव्हण्याचा फोन वेधशाळेत आला. "भाऊजी, आजच निघा. उद्याचं काही सांगता येत नाही म्हणतात डॉक्टर."

फुगेवाल्यांनी फोन ठेवला आणि पाळ्यांचा तक्ता बघितला. जोडीदार रजेवर होता, रात्री उशिरा येणार होता. शहराची बस दुपारची, नाहीतर थेट पहाटेची. आणि समुद्रात वादळ उठलं होतं. वादळ स्वतःच्या पायांनी चालत नाही, वरचे वारे नेतील तिकडे जातं. ते किनाऱ्यावर चढणार की वळून जाणार, हे वरच्या वाऱ्यांवरून ठरणार होतं, आणि वरचे वारे संध्याकाळच्या उड्डाणावरून कळणार होते. असं त्यांना वाटत होतं.

चौकीदार म्हणाला, "जा हो तुम्ही. एक दिवस फुगा नाही गेला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

फुगेवाल्यांनी नव्या साहेबांना फोन लावला. हे साहेब जुन्या साहेबांच्याच तालमीत तयार झालेले. ते म्हणाले, "निर्णय तुमचा, मी अडवणार नाही. फक्त वादळ आहे आणि आपली नोंद अखंड आहे, एवढं ध्यानात ठेवा." असं बोलून त्यांनी हात झटकले.

फुगेवाले थांबले.

खरं सांगायचं तर ते उड्डाण फार सुंदर झालं. वारा पडलेला, फुगा सरळ चढला, यंत्राने एकही आकडा गाळला नाही. नेहमी जिथे फुगा फुटतो त्याच्याही पुष्कळ वर गेला. आणि त्या वेळात फुगेवाले, कानाला यंत्राचा आवाज लावून बसलेले, सुखी होते. बायको इस्पितळात आहे हे ते विसरले नव्हते, पण ती जाणीव बाजूला, खुंटीला टांगल्यासारखी होती. पहाटेच्या बसने ते शहरात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती आदल्या संध्याकाळीच गेली होती. मेव्हणा म्हणाला, दार वाजलं की बघायची हो.

मुलगी इस्पितळाच्या बाकावर बसली होती. तिने मान वर केली आणि विचारलं, "गेला का फुगा?"

"गेला," फुगेवाले म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर तिने बरीच वर्षं त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. फी भरायची आहे. सही हवी आहे. सुट्टीत मामाकडेच राहते. भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती भांडत नव्हती. रागाची भिंत बांधून पलीकडे बसली होती. आणि भिंतीच्या अलीकडे फुगेवाल्यांकडे स्वतःच्या बचावासाठी एकच गोष्ट होती. वादळ वळून पलीकडच्या किनाऱ्यावर चढलं होतं. तिथली माणसं वेळेवर हलवली गेली होती. वेधशाळेचा अंदाज अचूक ठरला म्हणून सगळीकडे वाहवा झाली होती. त्या अंदाजात आपला ठिपका होता. बायकोचा हात सोडून आपण काहीतरी धरलं होतं, हवा नव्हती धरली. ही गोष्ट ते मनातल्या मनात मुलीला सांगत, आणि मनातली ती ऐकून घेत असे.

मुलीने पदार्थविज्ञान घेतलं. मग कुठल्या कुठे जाऊन शिकली आणि शेवटी दुसऱ्या ग्रहांवरच्या वाऱ्यांवर काम करू लागली. हे ऐकून फुगेवाल्यांची छाती फुगली. मेव्हण्याला म्हणाले, "रक्त बोलतं." मेव्हणा म्हणाला, "तिला विचारलं होतं मी, पृथ्वीचं सोडून हे कशाला? म्हणाली, तिथे कुणाला घरी ठेवून जावं लागत नाही." फुगेवाल्यांनी हे ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. ही कला त्यांना साधली होती.

पण त्या कामाच्या पहिल्याच वर्षी एक बदल झाला. ती फोन करू लागली. आधी महिन्याने, मग दर रविवारी. "जेवलात का? औषधं घेता ना? एकटे गच्चीवर जाऊ नका." आवाजात मऊपणा आला होता. फुगेवाल्यांना पहिल्यांदा तर शंकाच आली की चुकून दुसऱ्या कुणाचा फोन लागलाय. मग त्यांनी अर्थ लावला. वारा शिकली ना, आता तिला कळलं असणार त्या दिवशी बाप का थांबला. जोडीदारालाही त्यांनी तसंच सांगितलं, "शिक्षणाने माणूस मोठा होतो. राग गेला पोरीचा." आणि त्या रविवारच्या फोनवर ते आठवडा काढू लागले.

निवृत्त झाले. शेडमध्ये आपोआप फुगे सोडणारं यंत्र आलं. ते बघायला ते एकदा गेले आणि यंत्राची गाठ ढिली आहे असं सांगून परत आले. गुडघे गेले, तेव्हा मुलगी म्हणाली, "इकडे या. शस्त्रक्रिया करून घेऊ, माझ्याकडेच राहा." तिने त्यांना विमानाने नेलं. ज्या नदीचं ते बायकोला सांगत तिच्यातून ते पहिल्यांदाच जात होते, आणि विमान हलायला लागलं तेव्हा ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "घाबरू नका, ओळखीचा वारा आहे."

मुलीच्या घरात ते बरे रमले. शस्त्रक्रियेनंतर ती त्यांना हाताला धरून चालवायची, आणि चालताना बोलायची. ती सांगायची, शुक्र स्वतःभोवती इतका सावकाश फिरतो की तिथला एक फेरा म्हणजे आपले कित्येक महिने, पण त्याची वरची हवा चार-पाच दिवसांत त्याला प्रदक्षिणा घालते. मंगळावर धुळीचं एक वादळ उठतं आणि अख्खा ग्रह झाकून टाकतं. दूरच्या एखाद्या ताऱ्याजवळचे काही ग्रह असे असावेत की त्यांची एक बाजू कायम उजेडात, एक कायम अंधारात. तिथे वारा एका बाजूची ऊब दुसरीकडे वाहून नेतो, नाहीतर अंधारातली हवासुद्धा गोठून खाली पडेल.

"म्हणजे वाऱ्याचं काम सगळीकडे तेच," फुगेवाले म्हणाले. "जिथे जास्त आहे तिथलं उचलायचं, जिथे नाही तिथे द्यायचं."

"तेच," ती म्हणाली. "पोचेल तेवढं."

"आणि मापं? तिथे कोण घेतं?"

"यानं घेतात, लांबून. शुक्रावर मात्र दोन फुगे सोडले होते, खूप पूर्वी."

फुगेवाले चालायचे थांबले. "फुगे?"

"दोन. दोन-दोन दिवस टिकले. ढगांत तरंगले आणि गप्प झाले."

"आणि त्यांची मापं?"

"अजून वापरतो आम्ही. तेवढीच आहेत ना."

हे ऐकून म्हातारा हरखून गेला. फक्त दोन फुगे, आणि जग अजून त्यांना विसरलेलं नाही! आणि आपण तर रोज दोन सोडले. त्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला. जुन्या दिवसांचं हवामान संगणकात पुन्हा मांडलेलं असतं, जगातल्या सगळ्या मापांवरून, हे त्यांनी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. "मला तो दिवस दाखव," ते म्हणाले. कुठला दिवस हे सांगावं लागलं नाही. एकदा तिने डोळ्यांनी तो ठिपका बघितला की जे आपल्याला आजवर बोलता आलं नाही ते आपोआप बोललं जाईल, अशी त्यांची समजूत होती.

"कशाला बाबा जुनं उकरायचं?" ती म्हणाली. आणखी एकदा म्हणाली, "ते माझ्याकडे नसतं, ते पृथ्वीवाल्यांकडे." मग म्हणाली, बघू. हे बघू बरेच दिवस चाललं.

शेवटी एका दुपारी ती त्यांना तिच्या संस्थेत घेऊन गेली, ती काम करते ती खोली दाखवायला. खोलीत दोन टेबलं होती. एकावर ती बसायची, दुसऱ्यावर तिचा एक सहकारी, पृथ्वीच्या हवेचं काम करणारा. गोलमटोल, हसरा गृहस्थ, बोलायला लागला की थांबणं नाही. मुलगी चहा आणायला गेली आणि फुगेवाल्यांनी संधी साधली. "मी वेधशाळेत होतो," ते म्हणाले. "एक जुना दिवस बघायचाय. वादळाचा."

"अहो काका, त्यात काय! तारीख सांगा."

पडद्यावर नकाशा आला. त्यावर त्या संध्याकाळचे वारे बारीक बाणांनी काढलेले होते. फुगेवाल्यांनी ती नदी ओळखली, तिचं वाकणं ओळखलं, समुद्रातला वादळाचा भोवरा ओळखला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ते जे डोक्यात काढत होते ते कुणीतरी खरंच काढून ठेवलं होतं. नकाशाभर हिरवे ठिपके होते, एकेक ठिपका म्हणजे एकेक फुगा. त्यांनी बोटाने डोंगर शोधला, गाव शोधलं. तिथला ठिपका लाल होता.

"हा लाल का?" त्यांनी विचारलं. आपला आहे असं सांगितलं नाही. का नाही सांगितलं, कुणास ठाऊक.

"तो होय! तो आमचा नेहमीचा," सहकारी हसला. "लाल म्हणजे मापं टाकून दिली. या केंद्राची उंचीच चुकीची आहे. केंद्र बहुतेक डोंगरावरून खाली आणलं आणि कुण्या साहेबाने जुनी उंची तशीच ठेवली. त्यामुळे यांचं प्रत्येक उड्डाण डोंगराएवढं चुकलेलं. संगणक शेजारच्या केंद्रांशी ताडून बघतो, जुळलं नाही की बाजूला काढतो. वरचेवर झालं की त्या केंद्रावर विश्वासच ठेवत नाही. वारा नाही, तापमान नाही, काहीच घेत नाही. तिकडे कळवतातसुद्धा, पण तिकडे कुणाच्या तरी खणात पडत असेल. नव्या विद्यार्थ्यांना शिकवताना आम्ही हेच उदाहरण देतो. रोज दोन वेळा, इमानेइतबारे, वर्षानुवर्षं. एक चुकवलं नाही हो बिचाऱ्यांनी!"

"या दिवशीही?"

"कुठल्याही दिवशी."

"मग वादळ कुठे वळणार हे कसं कळलं?"

"बाकीचे आहेत की इतके. उपग्रह आहेत. या एकावाचून काय अडतंय, काका?"

फुगेवाल्यांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मुलगी दारात उभी होती, हातात चहाचे कप. ती किती वेळ उभी होती कळलं नाही. तिने सहकाऱ्याकडे बघितलं नाही, पडद्याकडेही बघितलं नाही. म्हणाली, "बाबा, चला. गार होतंय बाहेर." आणि चहा तसाच टेबलावर ठेवला.

दोघं चालत घरी निघाले. फुगेवाल्यांच्या डोक्यात चहाची ती वेळ होती. साहेब बोलले, पण साहेबांनी विचारलं होतं. नको म्हटलं ते आपण. मालिका तोडू नका म्हणालो आणि त्याच शब्दासरशी मालिका कचऱ्यात गेली, आणि मग तिच्यापायी आपण इकडे थांबलो, तिकडे बायको दाराकडे बघत बसली. साहेबांना शिव्या घालाव्या तर त्या अर्ध्या रस्त्यातून आपल्याकडेच वळत होत्या.

चौकात सिग्नल लागला. ते थांबले.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"इथे आले त्या पहिल्या वर्षी. जुने दिवस कसे उघडायचे ते शिकवलं, तर पहिला तोच उघडला मी."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते, बाबा? तुमच्याकडे तेवढंच होतं."

पहिल्या वर्षी. फुगेवाल्यांनी मनातल्या मनात ते वर्ष शोधलं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्याच वर्षी तिचे फोन सुरू झाले होते. जेवलात का, औषधं घेता ना. तोच मऊ आवाज.

"मला वाटलं, वारा शिकलीस म्हणून तुला समजलं," ते म्हणाले. "मला वाटलं, तुझा राग गेला."

"गेलाच. तेव्हाच गेला." ती समोरच्या दिव्याकडे बघत बोलत होती, आवाज न चढवता. "तो फुगा खरंच कामी आला असता ना बाबा, तर मी तुम्हाला जन्मात माफ केलं नसतं. तुम्ही आईला सोडून काहीतरी मोठं निवडलं असतं. मग भांडले असते तुमच्याशी, हाडवैराने भांडले असते. पण तो नकाशा बघितला आणि वाटलं, यांच्यावर काय रागवायचं? दोघांचंही गेलं. आईचंही आणि तुमचंही. मग फोन केला."

म्हणजे इतकी वर्षं ज्याला ते माफी समजत होते, ज्याच्यावर ते आठवडा काढत होते, ती कीव होती. तीच त्यांनी जोडीदारापुढे मिरवली होती. राग असता तर त्यात आपण कुणीतरी असतो, चुकलेले का होईना. भिंत होती तोवर पलीकडे बाप आहे हे तिला मान्य होतं. आता भिंत नव्हती, आणि पलीकडे एक गुडघे गेलेला म्हातारा उभा होता, ज्याची काळजी घ्यायची.

"मग आता धर," फुगेवाले म्हणाले. "मीच म्हणालो होतो साहेबांना, उंची बदलू नका म्हणून. मीच. सगळ्यांसमोर विचारलं होतं त्यांनी मला. हे तुला माहीत नव्हतं ना? आता धर राग. भांड माझ्याशी."

मुलीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. फुगेवाले वाट बघत राहिले. ती काहीतरी शोधत होती, प्रामाणिकपणे शोधत होती, हे त्यांना दिसत होतं.

"नाही येत, बाबा," ती म्हणाली.

दिवा बदलला. गाड्या थांबल्या. तिने त्यांच्या कोपराखाली हात घातला आणि म्हाताऱ्या माणसांना नेतात तसं, सावकाश, त्यांच्या पावलाला पाऊल जुळवत त्यांना रस्त्यापलीकडे नेलं.